वेळेत ब्रेक लागेल, याचा पुरावा काय?

पुण्यात वेताळ टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ म्हणजेच एआरएआय ही संस्था आहे. तिची स्थापना १९६६ची. चाकणलाही तिचे केंद्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६वा नियम सांगतो की, गाडीचे नवे मॉडेल विक्रीला आणण्याआधी त्याचा नमुना अशा अधिकृत चाचणी संस्थेकडून तपासून घेतला पाहिजे. नमुना पास झाला की जी मान्यता मिळते, तिला उद्योगात ‘टाइप अप्रूव्हल’ म्हणतात. नमुना एक, पण त्याच्या जोरावर त्याच ‘टाइप’च्या हजारो-लाखो गाड्या रस्त्यावर येतात.

‘टाइप’ हाच शब्द संगणकशास्त्रात वेगळ्या अर्थाने वापरतात. तिथे नमुना तपासून सगळ्यांबद्दल अंदाज बांधत नाहीत. प्रोग्राम चालवण्याआधीच, तो कोणत्याही परिस्थितीत अमुक चूक करणार नाही, हे कागदावर सिद्ध करण्याचे ते साधन आहे. या दोन ‘टाइप’मधले अंतर हा या लेखाचा विषय आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात बनणाऱ्या गाड्यांमध्ये आता लोखंडाइतकाच प्रोग्रामवर भरवसा ठेवावा लागतो. आणि त्या भरवशाचे गणित रचणाऱ्यांत मुंबई-पुण्याची माणसे होती, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

लोखंडाच्या पट्ट्यात चिप आली

या पट्ट्याचा इतिहास आपण सहसा कारखान्यांच्या नावांनी सांगतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. १९८२मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. १९९९ला बजाजचा चाकण कारखाना आणि २००९ला तिथेच फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेली माणसे या कारखान्यांच्या आधाराने स्थिरावली. भोसरी, चिखली, निगडी, खराळवाडी इथल्या वस्त्या त्यातूनच भरल्या. आमचे कुटुंबही त्यातलेच.

पण याच पट्ट्यात दुसरा एक बदल गाजावाजा न होता झाला. २००३मध्ये चाकणच्या पल्सर मोटारसायकलला ‘डीटीएस-आय’ नावाचे इंजिन आले. त्यात ठिणगी कधी पाडायची हे एक छोटा मायक्रोप्रोसेसर ठरवत होता. पुढे १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२०ला भारत स्टेज-६ लागू झाले आणि कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार होऊन इंधनाचा हिशेबही चिपकडे गेला. आज कामगाराच्या मोटारसायकलमध्येही प्रोग्राम असतो आणि चाक घसरू लागले तर ब्रेक किती सोडायचा, हे तोच ठरवतो.

किती वेळात ठरवतो? इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एक फेरा १० मिलिसेकंदांत पूर्ण होतो. म्हणजे दांडा एक अंश फिरायला साधारण २८ मायक्रोसेकंद. ठिणगी काही अंश पुढे-मागे झाली तरी इंजिनाची ताकद, धूर आणि आयुष्य यांवर परिणाम होतो. इथे बरोबर पण उशिरा आलेले उत्तर हे चुकीचेच उत्तर असते.

प्रतिसाद देणारी यंत्रे

बाहेरच्या जगात काही घडले की त्याला प्रतिसाद देणारे यंत्र ही कल्पना जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांनी आपल्या ‘किताब अल-हियल’मध्ये अशा कितीतरी रचना दिल्या आहेत. त्यात वात आपोआप पुढे सरकवणारा आणि तेल आपोआप भरून घेणारा दिवा आहे. मात्र त्या दिव्याला घड्याळाची मुदत नव्हती. वात जरा उशिरा सरकली तर उजेड मंद होई, एवढेच.

संगणकशास्त्रात अशा कायम चालणाऱ्या आणि बाहेरच्या घटनांना उत्तरे देत राहणाऱ्या प्रोग्रामांना ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे प्रतिसादी म्हणायची प्रथा डेव्हिड हॅरेल आणि आमिर प्नुएली यांनी १९८५मध्ये रूढ केली. पगारपत्रक काढणारा प्रोग्राम सुरू होतो, उत्तर देतो आणि संपतो. ब्रेकचा प्रोग्राम गाडी चालू आहे तोवर संपत नाही. त्याला मुदतही जोडली की तो ‘रिअल-टाइम’ होतो.

अशा प्रोग्रामची खात्री कशी करायची? पहिला मार्ग चाचणीचा. गाडी पळवा, ब्रेक मारा, मोजा. हा मार्ग आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. चाचणीत जे घडले तेच कळते. जे क्वचित घडते, म्हणजे तीन-चार घटना नेमक्या एकाच क्षणी येऊन पडणे, ते चाचणीत येईलच असे नाही. रस्त्यावर मात्र लाखो गाड्या वर्षानुवर्षे धावतात. तिथे कधीतरी तो क्षण येतोच.

दुसरा मार्ग सिद्धतेचा. सर्वांत वाईट क्षण कोणता, हे आधी गणिताने शोधायचे आणि त्या क्षणीही मुदत पाळली जाते हे दाखवायचे.

१९८६चे ते गणित

एका चिपवर अनेक कामे आलटून-पालटून चालतात. कोणाला आधी संधी द्यायची याचा क्रम ठरलेला असतो. सगळी कामे मुदतीत होतील का, या प्रश्नाला १९७३मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी पहिले मोठे उत्तर दिले. चिपवर एकूण भार ठराविक मर्यादेच्या आत असेल तर काळजी नको, असा त्यांचा नियम. कामे तीन असतील तर ती मर्यादा सुमारे ७८ टक्के, आणि कामे खूप असतील तर सुमारे ६९ टक्के. भार त्याहून जास्त असेल तर मात्र हा नियम गप्प बसतो.

१९८६ साली ‘द कॉम्प्युटर जर्नल’मध्ये मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांचा एक छोटा निबंध आला. विषय होता, रिअल-टाइम व्यवस्थेत प्रत्येक कामाला उत्तर द्यायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल. जोसेफ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, अनेक वर्षे काम करून इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात गेलेले. पंड्याही टीआयएफआरचेच.

त्यांची रीत उदाहरणाने समजते. समजा एका चिपवर तीन कामे आहेत. पहिले दर ५ मिलिसेकंदांनी येते आणि त्याला २ मिलिसेकंद लागतात. दुसरे दर १० मिलिसेकंदांनी येते, त्याला ३ लागतात. तिसरे दर २० मिलिसेकंदांनी येते, त्यालाही ३ लागतात. पहिल्याचा मान सर्वांत मोठा. ते आले की बाकीच्यांनी हातातले काम थांबवून बाजूला व्हायचे. दुसऱ्याचा मान तिसऱ्यापेक्षा मोठा. आता तिसऱ्याला जास्तीत जास्त किती वेळ लागेल?

तिन्ही कामे एकदम आली असे धरा. २ अधिक ३ अधिक ३, म्हणजे ८. पण या ८ मिलिसेकंदांत, पाचव्या मिलिसेकंदाला, पहिले काम पुन्हा येते आणि आणखी २ मिलिसेकंद घेते. बेरीज झाली १०. आता १० धरून पुन्हा मोजा. १० मिलिसेकंदांच्या आत पहिले दोनदा आले, दुसरे एकदा. बेरीज पुन्हा १०च. आकडा हलायचा थांबला, तेच उत्तर. तिसऱ्या कामाची मुदत २० असेल तर काळजी नाही. ९ असेल तर ही रचना धोक्याची आहे. या चिपवरचा भार ८५ टक्के आहे, म्हणजे १९७३चा नियम इथे काहीच सांगू शकत नव्हता. १९८६ची रीत मात्र नेमका आकडा देते.

या रीतीला पुढे ‘रिस्पॉन्स टाइम अ‍ॅनॅलिसिस’ हे नाव पडले. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी ती विस्तारली आणि आज रिअल-टाइम प्रणालींच्या पाठ्यपुस्तकांत ती पहिल्या काही प्रकरणांत शिकवली जाते. मथाई जोसेफ १९९७मध्ये पुण्याला आले आणि टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरचे, म्हणजे टीआरडीडीसीचे, प्रमुख झाले. १९८१मध्ये सुरू झालेली ही टीसीएसची संशोधन संस्था. चाकणच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीतल्या चिपचा हिशेब ज्या रीतीने होतो, तिचा एक कर्ता दहा वर्षे आपल्याच शहरात होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत, सत्कारांत, चौकांच्या नावांत हे कुठेच नाही.

गणितातली चूक

आता या इतिहासातला बोचरा भाग. गाडीत चिप एकच नसते. इंजिनाची वेगळी, ब्रेकची वेगळी, दारांची वेगळी. त्या एकमेकींशी बोलतात ती वाहिनी म्हणजे ‘कॅन’. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६च्या फेब्रुवारीत जगासमोर मांडली, म्हणजे जोसेफ-पंड्यांच्या निबंधाच्याच वर्षी. एकाच तारेच्या जोडीवर सगळ्या चिपा निरोप टाकतात आणि ज्या निरोपाचा मान मोठा तो आधी जातो.

फरक एकच. चिपवर मोठ्या मानाचे काम आले की लहान काम मध्येच थांबवता येते. तारेवर निघालेला निरोप मध्ये थांबवता येत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा वळलेला कंटेनर आणि मागून आलेली रुग्णवाहिका आठवा. रुग्णवाहिकेचा मान मोठा असला तरी कंटेनर पूर्ण वळेपर्यंत तिला थांबावेच लागते.

१९९४मध्ये केन टिंडेल आणि सहकाऱ्यांनी १९८६ची रीत या तारेला लावून दाखवली. व्होल्वोने आपल्या एस-८० या गाडीसाठी हे विश्लेषण वापरले. उद्योगाने ते स्वीकारले. आणि २००७मध्ये रॉबर्ट डेव्हिस, अ‍ॅलन बर्न्स, राइंडर ब्रिल आणि योहान लुक्किएन यांनी निबंध लिहून सांगितले की, त्या विश्लेषणात चूक आहे. या चौघांत बर्न्सही होते, हे लक्षात घेण्यासारखे. ते त्याच यॉर्कचे, जिथे ही रीत वाढली होती. आपल्याच घरातली चूक त्यांनी जगासमोर मांडली.

चूक अशी होती. जुनी रीत प्रत्येक निरोपाची फक्त पहिली खेप तपासत होती. पहिली वेळेत पोचली म्हणजे पुढच्याही पोचतील, असे गृहीत होते. पण निरोप मध्ये थांबवता येत नसल्याने एका खेपेमुळे इतरांची रांग पुढे ढकलली जाते आणि तो उशीर त्याच निरोपाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेवर येऊन पडतो. काही रचनांमध्ये जुने गणित ‘वेळेत पोचेल’ म्हणे आणि निरोप पोचत नसे. वापरातल्या गाड्यांमध्ये पुरेशी सूट राखलेली असल्याने प्रत्यक्ष धोका कमी होता, हेही खरे. तरीही तेरा वर्षे एक चुकीची सिद्धता सिद्धता म्हणून वावरत होती. विद्वानांनी वाचली, तज्ज्ञांनी तपासली, अभियंत्यांनी वापरली. सगळे प्रामाणिक आणि हुशार होते. चूक मात्र तशीच राहिली.

म्हणजे पुरावा असणे पुरेसे नाही. पुराव्याचीही पडताळणी हवी, आणि ती माणसाच्या डोळ्यांवर सोडता येत नाही. इथे ‘टाइप’ची गोष्ट सुरू होते.

गेज आणि टाइप

माझे अब्बा भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये टर्नर होते. टाइप म्हणजे काय हे मला पुस्तकांआधी त्यांच्या ‘गो नो-गो’ गेजमधून कळले. भोकाचे माप तपासायचा तो दांडा. एका टोकाला ‘गो’, दुसऱ्याला ‘नो-गो’. त्यांचा नियम सोपा होता, “गो अटका तो फिरसे मशीन पे, नो-गो घुसा तो भंगार में.” मोजायचे नाही, वाद घालायचा नाही. बसते की नाही, एवढाच प्रश्न.

प्रोग्रामिंग भाषेतला टाइप असाच गेज आहे. हा आकडा आहे, ही तारीख आहे, हा वेग आहे असे आधी जाहीर करायचे. मग वेगात तारीख मिसळायचा प्रयत्न झाला तर प्रोग्राम चालायच्या आधीच अडवला जातो. पण गेज आणि टाइप यांत एक मोठा फरक आहे. गेज प्रत्येक तयार नगाला लावावा लागतो. टाइप मात्र आराखड्यालाच लावला जातो आणि त्या आराखड्यातून निघणाऱ्या प्रत्येक शक्यतेला लागू पडतो.

निक्लाउस विर्थ यांनी १९७०मध्ये दिलेली पास्कल भाषा या शिस्तीसाठी प्रसिद्ध झाली. महिन्याचा दिवस १ ते ३१च असेल, अशी मर्यादा तिच्यात टाइप म्हणून लिहिता येई. ‘गो’ आणि ‘नो-गो’ची दोन टोकेच ती. पास्कल जगभर पसरली ती झुरिकमध्ये तयार झालेल्या ‘पास्कल-पी’ या सुटसुटीत कंपायलरमुळे. तो कोणत्याही संगणकावर थोड्या कष्टांत बसवता येई. त्याच्या दस्तऐवजावर पहिले नाव आहे केशव नोरी यांचे. नोरीही टीआयएफआरचे, आणि पुढे पुण्याच्या टीआरडीडीसीत त्यांनी दीर्घकाळ काम केले. आपल्या शहराशी जोडलेला हा दुसरा धागा.

टाइपची शिस्त मोडली की काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६चे. युरोपचे एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांनी फुटले. ६४ बिटांतला एक आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबला गेला होता. त्या जागेत ३२,७६७च्या वरचा आकडा मावतच नाही. प्रोग्राम टाइपबाबत कडक असलेल्या एडा भाषेत होता, पण नेमक्या त्या रूपांतरावरचा पहारा काढलेला होता. गेज खिशात होता, लावला नव्हता.

गाड्यांचे प्रोग्राम बहुतांशी सी भाषेत लिहितात आणि ती या बाबतीत ढिली आहे. आकड्यात अक्षर मिसळले तरी ती फारशी कुरकुर करत नाही. म्हणून मोटार उद्योगाने १९९८पासून ‘मिस्रा सी’ नावाची नियमावली पाळायला सुरुवात केली. तिच्या २०१२च्या आवृत्तीत सीच्या ढिल्या टाइपांवर कडक टाइपांची एक चौकटच चढवलेली आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्या हिंजवडीच्या कोणत्याही तरुण अभियंत्याला विचारा, ‘मिस्राची वॉर्निंग’ हा त्याच्या रोजच्या डोकेदुखीचा विषय असेल. ती डोकेदुखी म्हणजे टाइप सिस्टीमच आहे, हे मात्र त्याला क्वचितच कुणी सांगितलेले असते.

वेळही टाइपमध्ये लिहिता येते

आकडा आणि तारीख यांच्यापर्यंत ठीक. पण वेळ? ‘हे उत्तर पुढच्या ठोक्याला मिळेल’ हेही टाइपमध्ये सांगता येते का? येते. ऐंशीच्या दशकात फ्रान्समध्ये लस्टर आणि एस्टेरेल या प्रतिसादी प्रोग्रामांसाठीच्या भाषा तयार झाल्या. लस्टरमध्ये प्रत्येक प्रवाहाला स्वतःचे घड्याळ असते. दोन वेगळ्या घड्याळांचे प्रवाह परस्पर मिसळले की भाषा हरकत घेते. पुढे संशोधकांनी दाखवले की घड्याळांची ही तपासणी म्हणजे एक प्रकारची टाइप सिस्टीमच आहे. एस्टेरेलचे जनक जेरार बेरी यांच्यासोबत १९९३मध्ये ‘कम्युनिकेटिंग रिअ‍ॅक्टिव्ह प्रोसेसेस’ ही रचना मांडणारे दोघे मुंबईचे होते, आयआयटीचे एस. रमेश आणि टीआयएफआरचे आर. के. श्यामसुंदर. वेगवेगळ्या ठिकाणी आपापल्या ठोक्यावर चालणारे प्रतिसादी प्रोग्राम एकमेकांशी कसे बोलतील, हा त्यांचा प्रश्न. गाडीतल्या अनेक चिपांचा प्रश्न तोच.

गेल्या पंधरा वर्षांत हे आणखी पुढे गेले. केंब्रिजचे नील कृष्णस्वामी यांच्यासारख्या संशोधकांनी टाइपमध्ये ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ असा भेद आणला. उद्या येणारी माहिती आज वापरणारा प्रोग्राम अशा भाषेत लिहिताच येत नाही. प्रत्येक ठोक्याला उत्तर न देता अडकून बसणारा प्रोग्रामही नाकारला जातो. जुन्या घटनांची नोंद साठवत साठवत स्मृती भरून टाकणे, हा प्रतिसादी प्रोग्रामांचा छुपा आजार. तोही टाइपच्या पातळीवर रोखता येतो. हे अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे, चाकणच्या असेंब्ली लाइनवर नाही. मिलिसेकंदांचा नेमका हिशेबही त्यातून निघत नाही. त्यासाठी १९८६च्या गणिताकडेच यावे लागते.

आणि तिथेच टाइपचे सर्वांत मोठे काम झाले. फ्रान्समध्ये १९८४पासून घडत गेलेले ‘कॉक’ (आता त्याचे नाव ‘रॉक’) हे साधन एका विलक्षण कल्पनेवर उभे आहे. गणितातले विधान म्हणजे टाइप, आणि त्याची सिद्धता म्हणजे त्या टाइपचा प्रोग्राम. सिद्धता बरोबर आहे का, हा प्रश्न ‘हा प्रोग्राम या टाइपात बसतो का’ एवढाच उरतो. म्हणजे पुन्हा गेजच. बसते की नाही. विद्वानाचे नाव, पद, कीर्ती यांना तिथे किंमत नाही.

२०१६मध्ये जर्मनीत ब्योर्न ब्रांडेनबर्ग, फेलिपे सेर्केरा आणि सहकाऱ्यांनी ‘प्रोसा’ नावाने रिअल-टाइम गणिताच्या सिद्धता कॉकमध्ये नव्याने लिहायला घेतल्या. २०१९मध्ये ग्रेनोबलच्या चमूने त्या आधारावर ‘सर्टिकॅन’ केले. टिंडेल यांच्या रीतीत जिथे चूक निघाली होती, त्याच कॅन तारेच्या विश्लेषणाची तपासणी आता यंत्र करते. उद्योगातल्या साधनाने काढलेला निकाल त्याला द्यायचा आणि त्या निकालाचा पुरावा कॉककडून तपासून घ्यायचा. मूळ साधनावर विश्वास ठेवायची गरजच नाही. मुंबईच्या माणसांनी १९८६मध्ये सुरू केलेली वाट, एक ठेच खाऊन, तेहतीस वर्षांनी इथे पोचली.

पुण्यातही काम चालू आहे, पण त्याची रीत वेगळी. टीसीएसच्या संशोधकांच्या ‘व्हेरीअ‍ॅब्स’ या साधनाने सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१मध्ये एका प्रमुख गटात पहिला क्रमांक मिळवला. ते टाइपवर नव्हे, तर सी प्रोग्रामच्या शक्यता आटोपशीर करून तपासण्यावर आधारलेले आहे. उद्देश मात्र तोच, नमुन्यावर न थांबता सर्व शक्यतांबद्दल बोलणे.

नीयत तपासता येत नाही

इथे थांबून एक इशारा द्यायला हवा. सिद्धता नेहमी ‘जर’वर उभी असते. वरच्या उदाहरणात पहिल्या कामाला २ मिलिसेकंदच लागतात असे आपण धरले. ते २ चुकीचे मोजले असतील तर पुढचे सगळे निर्दोष गणित वाया. टाइपचा उपयोग हा की असे प्रत्येक ‘जर’ लिहून दाखवावे लागते. ते लपून राहू शकत नाही.

दुसरी मर्यादा याहून मोठी. १८ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारा प्रोग्राम त्यांच्या डिझेल गाड्यांत होता. भारतात एआरएआयच्या चाचण्यांतही उत्सर्जनात तफावत आढळली आणि त्या डिसेंबरात कंपनीने देशातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. तो प्रोग्राम ‘चुकला’ नव्हता. जे करायला लिहिला होता, तेच तो वेळेत आणि बिनचूक करत होता. टाइपच्या कोणत्याही परीक्षेत तो कदाचित पासच झाला असता. प्रोग्राम आपल्या शब्दाला जागतो की नाही, हे टाइप सांगतो. शब्द देणाऱ्याचे इमान कसे आहे, हे सांगणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

म्हणून मला वाटते, सिद्धता हा केवळ अभियंत्यांचा विषय नाही. कोणत्या गोष्टीची हमी घ्यायची, हे समाजाने ठरवायचे असते. ‘ब्रेकचा निरोप इतक्या मिलिसेकंदांत पोचेल’ हे वाक्य आधी कुणीतरी जाहीरपणे लिहिले पाहिजे, तरच ते सिद्ध किंवा खोटे ठरवता येईल. आज मान्यतेसाठी गाडी तपासतात, तिच्या आतल्या प्रोग्रामची ओळ न् ओळ नव्हे. कंपन्या आपला प्रोग्राम उघड करणार नाहीत, हेही समजण्यासारखे आहे. पण सर्टिकॅनने एक मधली वाट दाखवली आहे. साधन आपल्याकडे ठेवा, निकालाचा पुरावा द्या. तो कोणीही तपासू शकेल. नमुना गाडीसोबत असा पुरावाही मागायचा का, हा प्रश्न वेताळ टेकडीवर आणि दिल्लीतही विचारला गेला पाहिजे.

तो विचारायला माणसे लागतील. एबीएसचे भाग जोडणारी, ईसीयूच्या पेट्या बांधणारी, कंत्राटावर पाळी करणारी आपली मुले या यंत्रांना रोज हात लावतात. गेज म्हणजे काय हे त्यांना आयटीआयच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. त्याच मुलांना टाइप म्हणजे काय, सिद्धता म्हणजे काय, १९८६चे गणित कसे करायचे, हे मराठीत सांगायला अडचण कोणती? वरची बेरीज सातवीच्या मुलालाही जमते. कॉकसाठी लागते ते एक साधा लॅपटॉप आणि चिकाटी. ते साधन फुकट मिळते. तेरा वर्षे नामवंतांच्या नजरेतून सुटलेली चूक आज असा लॅपटॉप पकडू शकतो, आणि तो चालवणारा कोणत्या वस्तीतला आहे, हे तो विचारत नाही.